शिट्टी न वाजवता

सामना सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती आणि पाहुणी झोपली होती.

पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर, मान एका खांद्यावर टाकून, तोंड जरासं उघडं. एका पायातली चप्पल सुटून बाजूला पडलेली. मांडीवरच्या पिशवीचे बंद मात्र तिने मनगटाला गुंडाळून ठेवले होते.

कॅप्टन माइक घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. या एका दुपारसाठी दोन महिने तिच्या पायाला भिंगरी लागली होती. हॉलची परवानगी, तिकिटं, प्राचार्यांच्या विनवण्या, त्यातच परीक्षा. गुडघा पंधरा दिवसांपासून ठणकत होता. बास्केटबॉलचा हा सामना इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डातल्या आजारी पोरांच्या घरच्यांच्या मदतीसाठी होता. कॉलेजच्या मुलींविरुद्ध खेळायला त्याच वॉर्डातल्या नर्स आल्या होत्या. आणि आधी दोन शब्द बोलणार होती ती ही बाई. गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला असलेली; तिची आठ वर्षांची मुलगी त्या वॉर्डात होती. मला नाही गं बोलता येत, असं ती कितीदा तरी म्हणाली होती. कॅप्टननेच गळ घातली, चार ओळी लिहूनही दिल्या.

आता कॅप्टनला तिचा रागच आला. भरल्या हॉलसमोर झोपायचं म्हणजे काय?

तिने हळूच "मावशी" म्हणून हाक मारली. बाई हलली नाही. कॅप्टन खांद्याला हात लावणार, तेवढ्यात मागून कुणीतरी तिचं मनगट धरलं. वॉर्डातली थोरली सिस्टर होती, खेळाचे बूट घातलेली.

"राहू दे," सिस्टर म्हणाली. "अकरा दिवसांत हिला पाठ टेकलेली मी पाहिली नाही. स्टुलावर बसून असते. आज नवरा थांबलाय पोरीजवळ, म्हणून आली. तीसुद्धा तुझ्या शब्दाखातर."

क्रीडाशिक्षक लगबगीने आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लोक तिकिटं काढून आलेत हे खरं, पण मदतीच्या पेटीत हात सैल सुटतो तो आईचं बोलणं ऐकून. दोन मिनिटांचा तर प्रश्न, मग झोपू दे हवी तेवढी. ते वावगं काही बोलत नव्हते. कॅप्टनने या बाईला बोलावलं होतं ते नेमकं तेवढ्याचसाठी, आणि ते आठवून तिचे कान गरम झाले.

"नाही उठवायचं, सर."

"मग बोलणार कोण?"

"कुणीच नाही."

तिने माइक बंद करून त्यांच्या हातात दिला. मग पंचांकडे गेली आणि शिट्टी खिशात ठेवायची विनंती केली. पंच वयस्क होते, खुर्चीकडे बघून त्यांनी नुसती मान डोलावली. लोकांना काय ते तिने पहिल्या रांगेत हलक्या आवाजात सांगितलं. पुढे ते कानोकानी मागपर्यंत गेलं. मागच्या बाकांवर थोडी खसखस पिकली, मग तीही थांबली.

असा सामना त्या हॉलने पाहिला नसेल. पंच हात वर करून खेळ थांबवत होते. एरवी एकमेकींच्या नावाने हॉल डोक्यावर घेणाऱ्या पोरी बोटांनी खुणावत होत्या. दोन नर्स एकमेकींवर आदळल्या आणि तोंड दाबून हसल्या. गुण झाला की लोक टाळीऐवजी दोन्ही हात वर करून हलवत. बुटांची करकर आणि चेंडूची धपधप तेवढी थांबवता येत नव्हती. पण दिवसभर शिलाई मशीनच्या खडखडाटात बसणाऱ्या बाईला त्याचं काय. पेटी रांगांमधून मुकाट फिरत होती.

कॅप्टन लंगडत पळत होती. दमायचं तेवढं दमून झालं होतं, आता नुसते पाय चालत होते.

खेळ निम्म्याच्या पुढे गेल्यावर एका नर्सच्या हातून चेंडू निसटला, घरंगळत गेला आणि त्याच खुर्चीच्या पायाला लागला. बाई दचकून उठली. आधी तिने पिशवीतला फोन चाचपून पाहिला. फोन आलेला नव्हता. मग तिला जागेचं भान आलं.

"सुरू झालं का गं?" तिने धास्तावून विचारलं. "मला बोलायचं होतं ना?"

चेंडू उचलायला कॅप्टन वाकली होती. तिच्या हनुवटीवरून घाम फरशीवर ठिबकत होता.

"नाही मावशी," ती म्हणाली. "नुसता सराव चाललाय. सुरू झालं की उठवते."

बाईने मान डोलावली आणि पुन्हा डोळे मिटले. कॅप्टन चेंडू पोटाशी धरून तिच्या पायाशी तशीच बसून राहिली. मागे मैदानावर नऊ जणी जिथल्या तिथे उभ्या होत्या, बाईचा श्वास संथ होण्याची वाट पाहत.