पाठ केलेलं पाप

"पुन्हा सांग. काय केलंस तू?"

"कणगी फोडली," धोंडी म्हणाला.

"कणगी नाय. उडवी. पांड्याच्या भाताची उडवी पेटवलीस."

"आपल्या पांड्याची?" म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "मी कशाला पेटवू भावाचं भात?"

रूपीनं कपाळाला हात लावला. तीन दिवस ती नवऱ्याकडून हे पाप पाठ करून घेत होती, आणि पाप काही त्याच्या डोक्यात टिकत नव्हतं. अलीकडे धोंडीचं सगळंच असं झालेलं. सकाळची भाकरी खाल्ली की नाही ते आठवत नसे. कधीच मेलेल्या ढवळ्या बैलाला मात्र रोज हाक मारायचा. ईस्टर आठ दिवसांवर आलेला, आज फादर कबुली ऐकायला बसणार, आणि पाप अजून कच्चंच.

खरं तर पाप धोंडीचं नव्हतंच. रूपीचं होतं.

चाळीस वर्षं झाली त्याला. भावाभावांत वाटणी झाली आणि पहिल्याच वर्षी जाऊ काळीची भाताच्या भाऱ्यांची उडवी रूपीच्या उडवीपेक्षा हातभर उंच लागली. काळी ते येताजाता बोलूनही दाखवायची. एका दिवेलागणीला धोंडी तलासरीच्या बाजाराला गेलेला, खळ्यावर चिटपाखरू दिसत नव्हतं, आणि रूपीनं काडी ओढली. वर्षाचं भात तासाभरात राख झालं. उडवीला लागून बांधलेलं काळीचं वासरू तेवढं वाचलं, ओढ्याकाठी चरताना सापडलं. कसं सुटलं गावाला कळलं नाही. देवाची करणी, म्हणाले लोक. ते वासरू धोंडीच्या दारात सोडून पांड्या आणि काळी पोटासाठी वीटभट्टीवर गेले. काळी तिकडेच तापानं वारली. वासराचा पुढं ढवळ्या बैल झाला.

मागच्या रविवारी फादर म्हणाले, देवापासून काही झाकलेलं नाही, न बोललेलंही त्याला कळतं. रूपी गोंधळली. कळतं, तर सांगायचं कशाला? आणि कबूल केल्याशिवाय माफी नाही, हेही फादरच सांगतात! आजवर चारदा ती कबुलीच्या रांगेत उभी राहिली आणि चारदा माघारी आली. जाळीआडूनही फादर आवाज ओळखणार. वेदीवर फुलं ठेवणारी रूपीमावशी ती! खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

मग तिला लग्नातलं वाक्य आठवलं. नवरा-बायको एक देह. देह एक, तर तोंड कुणाचं का असेना! धोंडीनं आत सांगायचं आणि बाहेर येईस्तोवर विसरून जायचं.

चर्चपर्यंत रिक्षात तिनं आणखी दहादा घोकून घेतलं. धोंडी आत गेला. रूपी बाकावर बसली. चार वाक्यं, डोळ्याचं पातं लवेपर्यंत व्हायला हवीत. पण रांगेतली माणसं चुळबुळ करू लागली तरी म्हातारा बाहेर येईना. कणगी म्हणाला असेल का? की माझं नाव घेतलं?

धोंडी आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. तिनं हाताला धरून त्याला बाहेर, आंब्याखाली नेलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं. पांड्याची उडवी पेटवली. हात माझाच. काळी त्यापायी गेली." एक शब्द चुकला नव्हता.

"मग फादर काय म्हणाले?"

"देवानं माफ केलं म्हणाले."

रूपीला हलकं वाटायला हवं होतं. ते काही वाटेना. माफ केलं, पण कुणाला? ज्याला सगळं दिसतं त्याला ही शिकवणीही दिसली असणार. पुढ्यातला हा भोळा म्हातारा, आणि आपण त्याच्या गळ्यात काय बांधलं! तिला रडूच आलं.

"एवढा वेळ काय करत होतास रे आत?" तिनं पदरानं डोळे पुसत विचारलं.

"काडी ओढायच्या आधी ढवळ्याचं दावं सोडलं, ते सांगत होतो," धोंडी म्हणाला. "बाजारातून परतताना बांधावरून बघितलं होतं मी. तेवढं मला शिकवायचं तू विसरलीस, रूपे."