थोरल्याचा खून

"या कादंबरीत दोघा गुप्तहेर भावांतल्या थोरल्याला मारूनच टाकतो," चहा पिता पिता बाबा म्हणाले. "खुर्चीतून न उठता खुनी ओळखतो लेकाचा. धाकटा गुप्तहेर नुसता वणवण फिरतो." मी हसले. त्याच संध्याकाळी बाबा गेले.

तेराव्याला काका आले, बाबांचे थोरले भाऊ. बाबांच्या प्रत्येक रहस्यकथेतला खुनी कसा सापडतो, हे काकाच पोस्टकार्डावर लिहून कळवत. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या बाबांचं. ती उघडी पोस्टकार्डं मी लहानपणापासून वाचायचे.

अर्धवट हस्तलिखित मिटून काकांनी विचारलं, "मला मारलंच का गं त्यानं?"

"हो."

"बरं. मग खुनी मी कळवतो. पुस्तक त्याच्याच नावावर काढ."

"नाही काका," मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले. "बाबांनी तुमचं श्रेय चोरलं, आणि मी गप्प बसले."