दुसरी लादी

शाळेच्या बांधकामावरचे साहेब बुटांसकट लादीवर चढले. विटांच्या दोन थप्प्यांवर आडवी टाकलेली ती सिमेंटची लादी कुरकुरलीसुद्धा नाही. साहेबांनी दोन उड्या मारल्या. तरी नाही.

"आणि हिच्यात लोखंड नाही म्हणता?"

"औषधालासुद्धा नाही," धाकटी म्हणाली. "घड उतरवला की केळीचे खांब लोक बांधावर फेकून देतात ना, त्यांचा वाख आहे. चुन्याच्या निवळीत भिजवायचा, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचा, मग वाळवायचा. कच्चा घातला तर सिमेंट धरतच नाही."

बोलता बोलता तिने हात पाठीमागे नेले. चुन्याने बोटांची सालं निघाली होती.

थोरला, तिचा भाऊ, बाजूला उभा राहून स्वच्छ असलेली थापी पुन्हा पुन्हा पुसत होता. त्याचा जन्म गवंडीकामात गेला होता. लाद्या त्यानेच ओतल्या होत्या.

"शाळेच्या सगळ्या भिंती याच्याच करू मग," साहेब म्हणाले. धाकटीने भावाकडे असे पाहिले, की त्याने मान वळवली. "फक्त आतून कशी आहे ते एकदा बघू द्या. घण आहे का?"

"चांगली लादी कशाला फोडता, साहेब?" थोरला घाईने म्हणाला. "आधी चहा घ्या."

"दे की, दादा," धाकटी हसली. "फोडू देत. आपल्याला कशाची भीती?"

थोरल्याने घण आणला. साहेबांच्या हाती न देता स्वतःच मारला, तोही कोपऱ्यावर, बाळाच्या पाठीवर थोपटावे तसा. साहेबांनी तो काढून घेतला आणि मधोमध घातला.

भेगेतून वाखाचे पिवळट धागे बाहेर आले. त्यांच्या मागोमाग तारेची जाळी चकाकली.

साहेबांनी घण हळूच खाली ठेवला आणि रुमालाने हात पुसले. धाकटी त्यांच्यामागे गाडीपर्यंत धावत गेली.

"साहेब, मला ठाऊक नव्हतं हो! ती दुसरी आहे ना, तिकडे टेकवलेली, ती फोडून बघा."

"आज दुसरी फोडून बघेन, बाई. भिंतीतली एकेक कशी फोडून बघू? खाली पोरं बसायची आहेत."

गाडी गेली. धुळीत उभ्या बहिणीजवळ थोरला आला.

"तुझं हसं होऊ नये म्हणून घातली गं. वाखावर माझा जीव ठरेना."

"वाखावर कुठं, दादा," ती म्हणाली. "माझ्यावर ठरेना. लोक केसानं गळा कापतात. तू तारेनं कापलास."

ती टाकीपाशी गेली आणि भिजत घातलेला वाख उपसून धुवायला बसली. आता कुणासाठी धुतेस, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

भिंतीला टेकवलेली दुसरी लादी त्याने ढकलत आणली आणि फुटलेली बाजूला सारून त्याच थप्प्यांवर टाकली. हिच्यात तार नव्हती. जाळीचा तुकडा एकीलाच पुरला होता. चपला काढून तो वर चढला आणि त्याने उडी मारली. मग आणखी एक. मग तो मारतच राहिला.

"फूट," तो पुटपुटत होता. "एवढी एक फूट गं माय."

छाती भात्यासारखी चालू लागली. लादी कुरकुरलीसुद्धा नाही.

टाकीपाशी पाण्याचा आवाज थांबला.

"उतर आता, दादा," धाकटी म्हणाली. "गुडघे दुखतील."