शिसं नसलेली पेन्सिल

विद्यापीठाच्या जुन्या उपकरणांमधली ती खटक्याची पेन्सिल मी यादीत नोंदवायला घेतली, आणि ती चुकून माझ्या पिशवीतून कुडपणला माहेरी आली. तिच्यात शिसंच नव्हतं.

माझी लेक फार अशक्त जन्मली होती. डॉक्टर पंधरा दिवसांपलीकडचं बोलतच नव्हते.

पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहिते, म्हणून आईने पाटावर कोरा कागद ठेवला. पेन सापडेना, म्हणून शेजारी तीच पेन्सिल ठेवली.

"आई, ही पेन्सिल उमटत नाही गं."

"तुला कुठं लिहायचं हाय गो? तिला लिहायचं हाय."

सकाळी कागद बारीक अक्षरांनी कडेपर्यंत भरला होता. जागा संपल्यामुळे शेवटचं वाक्य अर्धंच राहिलं होतं.

लेक दुधासाठी घर डोक्यावर घेत होती. मी धावत जाऊन दोनशे पानी वही आणून पाटावर उघडली.

कुणी हात न लावता पेन्सिलचा खटका वाजला.