पाच मिनिटं

"बांधा तिला," डॉक्टर वेदांग म्हणाले.

राजश्री हलली नाही. हातपाय खाटेला बांधायचे चारही पट्टे तिनं पाठीमागे घेतले.

मनोरुग्णांच्या वॉर्डाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून प्रणाली ओरडत होती. सोळा वर्षांची पोर. आज आई भेटायला येणार म्हणून सकाळीच वेणी घालून बसली होती. तिच्या गावाहून, खमरियाहून, दोन बस येऊन गेल्या, आई काही आली नाही. मग जेवणाचं ताट भिंतीवर आदळलं. त्यामागून पाण्याचा जग. आता अटेंडंट श्यामसुंदर दोन्ही हात पसरून तिच्यापुढे उभा होता. तो एक पाऊल पुढे आला की ती दुप्पट ओरडायची.

"सिस्टर, मी काय म्हणून राहिलो?" डॉक्टर नागपूरचे, नवे, घाईत.

"ऐकलं. नाही बांधणार."

मागच्या आठवड्यात राजश्रीनंच बांधलं होतं तिला. मनगटांवरचे वळ अजून निळे होते. बावीस वर्षं कोणीही सांगितलं की ती बांधत आली होती.

"मी वर लिहून देईन."

"लिहा. आजच लिहा."

"अहो, पाच मिनिटांचं काम! इंजेक्शन देऊ, शांत झाली की सोडू. काय होतं पाच मिनिटांत?"

"मग तुम्हीच झोपून दाखवा. पाच मिनिटं."

अख्खा वॉर्ड बघत होता. डॉक्टरांना मागे हटता येईना. ते हसत खाटेवर आडवे झाले. राजश्रीनं त्यांचे हात बांधले, पाय बांधले. रोज बांधायची तसेच, घट्ट.

हसू मिनिटभर टिकलं. मग नाकाला खाज सुटली. हात उचलला तो अर्ध्यातच अडकला. त्यांनी हिसका दिला. पट्टा मनगटात रुतला.

"झालं, सिस्टर. सोडा."

"अजून तीन मिनिटं आहेत."

"सोडा म्हणतो ना!" खाट करकरली. कपाळावर घाम आला. मान उचलून ते जिवाच्या आकांतानं ओरडले, "सोडा मला!"

तेव्हा राजश्रीच्या लक्षात आलं, वॉर्डात आता एकटे डॉक्टरच ओरडताहेत.

प्रणाली भिंतीपासून सुटली होती. श्यामसुंदर तिला धरायला वळला, तर राजश्रीनं त्याचाच दंड धरला. पोर खाटेपाशी येऊन उकिडवी बसली. डॉक्टरांच्या वळलेल्या मुठीवर तिनं हात ठेवला.

"खेचू नका, भैया. खेचलं की अजून रुतते. वर पंख्याकडे बघा."

डॉक्टरांनी पंख्याकडे बघितलं. त्यांचा श्वास हळूहळू संथ झाला.

तिनं मान वळवली.

"सोडा ना यांना, दीदी. हे कोणाला मारणार नाहीत. घाबरले फक्त."