दौंडच्या घरातला नॉइज

सरूबाईंनी पिठाची गिरणी बंद केली, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "गेला का गं त्यो आवाज?"

करुणाने गिरणीशेजारच्या घराच्या खिडकीतून आत हात घातला आणि आप्पांच्या खांद्यावर थोपटलं. आप्पा, म्हणजे तिचे वडील शंकरराव, कानांना हेडफोन लावून रेडिओ सेटपुढे बसले होते. डोळे मिटलेले. ऐकताना ते नेहमीच डोळे मिटत. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"न्हाई ना? मी म्हनलं नव्हतं?" सरूबाई म्हणाल्या. "दळणं तटून पडलीत माझी. आन् दोन टायमाला ह्यांना भाकरी कोण देतंय? मीच. तरी राग माझ्यावरच. हल्ली हाक मारली तर ओ पण देत न्हाईत."

"रागावले नसतील, मावशी."

"मंग काय देव झाल्यात व्हय?"

 

शंकरराव रेल्वेतले तारबाबू. दौंड जंक्शनच्या तारघरात चार यंत्रं एकदम कडकडत असायची, आणि हे चहाचे घोट घेत त्यातून आपली तार तेवढी अचूक वेगळी काढायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेखातर घरून संदेश पाठवायचं, लायसन काढलं आणि लेकीलाही काढायला लावलं. करुणा शिरूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. आई गेल्यापासून बापलेकी रोज सकाळी चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे बँडवर, तारेच्याच मोर्स लिपीत बटण टकटकवून बोलत. घरात फोन होता, पण फोनवर आप्पांचं बोलणं "बरंय, ठेव" एवढ्यावर संपायचं. बोटांनी मात्र ते भरभरून बोलत. भाजीत मीठ किती पडलं इथपर्यंत.

दिवाळीनंतर कुठूनसा हा 'घूंऽऽ' आवाज आला आणि बँडवर ठाण मांडून बसला. करुणाचं निम्मं बोलणं आप्पांना कळेना. "पुन्हा पाठव, पुन्हा पाठव," एवढंच ते पाठवू लागले. शिरूरला मात्र बँड स्वच्छ होता, आप्पांचं एकेक अक्षर खणखणीत यायचं. या आठवड्यात त्यांनी सरळ कळवलं, नॉइज जात नसेल तर अँटेना उतरवतो, सेट कुणाला तरी देऊन टाकतो.

 सेट गेल्यावर हा माणूस दिवसभर कुणाशी बोलणार? म्हणून आज, रविवारी, पहिली एसटी पकडून ती दौंडला आली होती.

आधी तिने अँटेना पाहिली. जवळच्या गावाशी बोलायचं तर अँटेनाची तार कमी उंचीवर हवी, म्हणजे लाट सरळ वर जाते आणि परत शेजारच्या तालुक्यात उतरते, हे आप्पांनीच तिला शिकवलेलं. तार कडुनिंबापासून टाकीपर्यंत होती तशीच होती. सूर्य बुडाला की शिरूर हरपतं आणि परमुलखातली स्टेशनं चढतात, तेही तिला ठाऊक होतं. पण इथे तर ऐन सकाळी बोंब होती.

"त्यो खांब बघ," आप्पा दारासमोरच्या विजेच्या खांबाकडे बोट करून म्हणाले. "हेडफोन काढला तरी ऐकू येतंय मला. दिसरात गातोय त्यो."

करुणा खांबाखाली जाऊन उभी राहिली. तिला चिमण्या ऐकू आल्या.

वायरमन पप्पू सायकल थांबवून हसला. "ताई, आप्पांसाठी वरचे सगळे इन्सुलेटर बदलले मी. आता खांबच नवा बसवू का?"

तिने स्वतः हेडफोन लावला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी नेहमीची चरचर होती. घूं नव्हतं. येणाऱ्या आवाजाचा जोर दाखवणारा सेटवरचा काटाही पार तळाला झोपला होता.

हेडफोन काढून ती आप्पांसमोर बसली. "मला नाही येत ऐकू, आप्पा."

"तुझा कान अजून कच्चा हाय," ते हसून म्हणाले.

करुणा खजील झाली. आप्पांच्या कानावर शंका घ्यायची तिला सवय नव्हती. दौंडात ती कुणालाच नव्हती. काटाच बिघडला असणार, असं तिने मनाशी धरलं.

जेवणं झाली आणि लोडशेडिंग सुरू झालं. गिरणी, फ्रीज, केबलवाल्याची यंत्रं, सगळी आळी गप्प झाली. एरवी या वेळी आप्पा झोपत, म्हणून हे कुणी करून पाहिलंच नव्हतं. सेट बॅटरीवर चालत होता. करुणाने त्यांना समजावलं: मी एकेक गोष्ट तोडत जाते आणि खांद्यावर थोपटते. आवाज असेल तर बोट वर करा.

आप्पांनी हेडफोन चढवला आणि डोळे मिटले.

तिने थोपटलं. बोट वर झालं. म्हणजे खांब नाही, आणि गिरणी तर नव्हतीच. सरूबाईंची माफी मागावी लागणार होती.

तिने सेटच्या मागून अँटेनाची तार उपसली. आता बाहेरचं काही आत येणं शक्यच नव्हतं. तिने पुन्हा थोपटलं.

बोट वर.

करुणा क्षणभर गोंधळली, आणि मग तिला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. खोट सेटच्याच पोटात होती तर. सेट दुरुस्त होतो. पुण्याला नेला की आठवड्यात परत येईल, आणि सकाळचं बोलणं पुन्हा सुरू होईल. उगाच बिचाऱ्या खांबाला नावं ठेवली.

झाकण उघडून बघावं म्हणून तिने बॅटरीची वायर काढली. डायलमागचा दिवा विझला, सेट बंद पडला. स्क्रूड्रायव्हर घ्यायला ती वळली, तेवढ्यात तिचं कोपर आप्पांच्या खांद्याला लागलं.

डोळे मिटलेल्या आप्पांनी बोट वर केलं.

"हाय," ते म्हणाले. "आता तर लईच साफ येतंय."