गार्डाच्या डब्यातलं दही

मालगाडीच्या शेवटच्या डब्यात फळीवर दह्याचं गाडगं ठेवलेलं होतं आणि त्याला हात लावायचा नाही, अशी लालमहंमद गार्डाला सक्त ताकीद होती. ताकीद बायकोची होती. रेल्वेची असती तर एक वेळ चाललं असतं.

तसं सकाळी नऊ वाजता उदगीरहून निघताना ते दूध होतं. जोहरानं विरजण घालून, वर फडकं बांधून गाडगं फलाटावर आणून दिलं, आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की दही नीट लागलं तर पोरगी नोकरीवर जाईल, पाणी सुटलं तर घरी बसेल. पोरगी म्हणजे कहकशां. दोन वर्षं लातुरात क्लास लावून, एका खोलीत चौघीजणी राहून ती रेल्वेच्या परीक्षेत पास झाली होती. तिच्या प्रत्येक पेपराला शेजारची सिद्धम्मा तिच्या तळहातावर दही-साखर ठेवायची, आणि जोहरा नुसती बघत उभी राहायची. शेवटी नोकरी मिळाली ती कुठली, तर बापाचीच, मालगाडीच्या गार्डाची. आज संध्याकाळच्या गाडीनं हजर व्हायला नांदेडला निघायचं होतं, आणि जोहरानं तिची बॅग माळ्यावर टाकून दिली होती.

जोहराचंही काही चुकत नव्हतं. जुन्या मालगाडीत ब्रेक इंजिनाकडून मागं पोचेपर्यंत मागचे डबे पुढच्यांवर आदळायचे, आणि साऱ्या गाडीचा धक्का शेवटच्या डब्यात गार्डाच्या कमरेत बसायचा. एकतीस वर्षांत लालमहंमदचे पुढचे दोन दात आणि कमरेतला एक मणका कामी आला होता. त्यात जोहराचं माहेर किल्लारीकडचं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटेपासून हलणाऱ्या कशावरच तिचा भरवसा नव्हता. कहकशांचा पाळणासुद्धा तिनं कधी मोकळा सोडला नाही, धरून धरूनच हलवला.

आज मात्र गाडी नवी होती. डब्याडब्याला विजेवर चालणारा ब्रेक. इंजिनात बटण दाबलं की सगळे डबे एकाच दमात थांबणार, असं साहेब लोक म्हणत होते, आणि साहेब लोक काय, म्हणतच असतात. सुरक्षेच्या नियमाप्रमाणे गाडी लातूर रोडपर्यंत नेऊन परत आणायची, वाटेत सहा वेळा थांबवायची, आणि मागचा धक्का मोजायला मल्लिनाथ नावाचा तरुण इंजिनिअर मशीन घेऊन गार्डाच्याच डब्यात बसलेला. मशीनशेजारी गाडगं बघून तो आधी हसला. मग लालमहंमदनं त्याला सगळी हकिकत सांगितली, आणि तेव्हापासून तो मशीन सोडून गाडग्याकडेच बघत बसला.

पाच थांबे बरे गेले, पण ते सावकाश चालीतले होते. सहावा होता परतीच्या वाटेवर, चाकूर मागं पडल्यावर. भरधाव गाडी एकदम थांबवायची. बारा वाजलेले, दही नुकतं कुठं धरायला लागलेलं, म्हणजे ऐन बिघडायच्या वयात.

ब्रेक लावतोय, असं ड्रायव्हरनं वॉकीटॉकीवर कळवलं. लालमहंमदनं सवयीनं दोन्ही हातांनी दांडी पकडली, पाय रोवले, जीभ आत ओढून घेतली. मल्लिनाथचे हात आपोआप गाडग्याकडे गेले.

"चाचा, मी नुसतं टेकू देतो."

"न्हाई साहेब. तुमच्या मशीनला धरलंय का कुणी?"

मल्लिनाथनं हात मागं घेतले आणि लालमहंमदनं डोळे मिटले. आता येईल, आता येईल. एकतीस वर्षांत भरधाव गाडीचा तो धक्का एकदाही चुकला नव्हता. चाकांचा आवाज हळूहळू खाली गेला. लालमहंमद दात आवळून वाट बघत राहिला. बाहेर कुठंतरी झाडावर होला घुमत होता. चालत्या गाडीत होला कसा ऐकू येतो, असं मनात येऊन त्यानं डोळे उघडले, तर रुळांकडेची बाभळ जागच्या जागी उभी आणि मल्लिनाथ तोंडाला रुमाल लावून हसतोय. गाडी थांबून चांगलं मिनिटभर झालं होतं.

दात गेल्यापासून लालमहंमद तोंडावर हात ठेवून हसायचा. आज दोन्ही हात दांडीवरच राहिले आणि तो तसाच खदखदून हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. फडक्याखाली काय झालंय ते बघायची मात्र दोघांचीही छाती झाली नाही.

दोनच्या सुमाराला गाडी उदगीरला लागली, तेव्हा जोहरा फलाटावर उभीच होती. तिच्या मागं कहकशां, नखं खात. जोहरानं नवऱ्याकडे बघितलंही नाही. यांनी हात लावला का, असं तिनं थेट मल्लिनाथला विचारलं. मल्लिनाथनं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून सांगितलं, की मीच लावणार होतो, चाचांनी लावू दिला नाही.

जोहरानं फडकं सोडलं. आत वाकून बघितलं. पण नुसतं बघून मानणारी ती नव्हे. मल्लिनाथच्या हातात चाचणीचे कागद होते, नुकत्याच सह्या झालेले. तिनं गाडगं उचललं आणि नेमकं त्या कागदांवर उपडं धरलं. मल्लिनाथनं कागद काही मागं घेतले नाहीत.

एक थेंब पडला नाही.

जोहरा गाडगं उपडं धरून तशीच उभी राहिली. मग फलाटामागच्या क्वार्टरांकडे तोंड करून तिनं हाक मारली,

"सिद्धम्मा, वाटीभर साखर आण गं."